कड नसलेला मोती

तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवते. इंटरमिजिएट झालेल्या मुलांसाठी शनिवारी डिजिटल चित्रांचा जादा तास असतो. टॅबलेट वगैरे नाहीत. घरचा फोन, आयबिस पेंट हे चित्र काढायचं अ‍ॅप आणि स्वतःचं बोट, एवढ्यावर भागतं. हात चांगले आहेत, पण सगळ्यांची चित्रं एकाच साच्यातली. आधी काळी बाह्यरेषा, आत रंग ओतायचा, वरून एअरब्रश. कितीही सांगा, ती रेषा सुटत नव्हती.

एका शनिवारी फोन प्रोजेक्टरला जोडून गूगल आर्ट्स अँड कल्चरवरचं 'मीट व्हर्मीर' हे आभासी दालन उघडलं. सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याची जगभर विखुरलेली ३६ चित्रं तिथे एकत्र टांगली आहेत. 'द कॉन्सर्ट'सुद्धा आहे, जे १९९० साली बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून चोरीला गेलं आणि अजून सापडलेलं नाही. चोर पोलिसांच्या वेषात आले होते म्हटल्यावर निम्मा तास त्यातच गेला. असो, तेवढं चालायचंच.

मग पडद्यावर त्याचं 'मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी' हे चित्र आलं. झूम करत कानापाशी पोचलो, तशी मागून आरोळी आली, "मॅडम, मोती गेला!"

खरंच गेला होता. वर पांढऱ्या रंगाचा जाड ठिपका, खाली कॉलरचं पुसट प्रतिबिंब, बास. कड नाही, अडकवायला आकडासुद्धा नाही. झूम कमी केलं की मोती परत हजर. पोरांनी हा खेळ कितीदा केला, विचारू नका. वस्तुचित्राच्या तासाला "आधी उजेड बघा" म्हणून मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केलाय. ते काम त्या ठिपक्याने केलं. जरा रागच आला त्याचा.

लगेच फोन काढायला लावले. काळा लेयर, रेषेला आणि एअरब्रशला बंदी, फटकारे फक्त दोन. बहुतेकांच्या मोत्यांचे बटाटे झाले. एका मुलीला मात्र अनडू करकरून शेवटी साधला, आणि सगळे तिच्या बाकाभोवती जमले.

"मूळ चित्र केवढं असेल?" मी विचारलं. फळ्याएवढं, असं एकमत झालं. जुन्या पेपरवर ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचा आयत आखून दाखवला, तरी कुणाला पटेना. पडद्यावर माप हरवतं ते असं. त्यामुळे आता कुठलंही चित्र उघडण्याआधी त्याच्या मापाचा कागद मुलांनीच कापायचा, असं ठरलंय. पुढचं चित्र रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच', उंची पावणेचार मीटरच्या वर, रुंदी साडेचार. वर्गाच्या भिंतीवर ते मावणार नाही, व्हरांड्यात अंथरावं लागेल. ग्रंथालयातली रद्दी मागून ठेवली आहे.