तुम्ही विचारलंत म्हणून: आंब्याच्या पेटीतली चिठ्ठी

"वहिनी, तुमची चिठ्ठी लोक वाचतात म्हणे. आम्हीही घातली होती, पण एकानंही तिचं नाव काढलं नाही. तुम्ही लिहिता तरी काय?" हा प्रश्न दर हंगामात मला चार-पाच जण तरी विचारतात. कोणी आमच्यासारखे बागायतदार असतात, कोणी कोकमाचं आगळ विकणाऱ्या, कोणी घरगुती मसाले करणाऱ्या. काढणीच्या गडबडीत फोनवर नीट सांगणं होत नाही. म्हणून आज पाऊस लागलाय तोवर लिहून काढते.

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. पूर्वी सगळा माल वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, यायची, पण आंबा शेवटी कोणाच्या ताटात पडला ते कधी कळायचं नाही. २०२० च्या टाळेबंदीत वाशीला माल धाडणं अवघड झालं, तेव्हा ओळखीपाळखीतून पुण्याला थेट पेट्या पाठवायला लागलो. त्या पहिल्या पेट्यांत मी चिठ्ठी घातली होती. 'अस्सल देवगड हापूस, नैसर्गिकरीत्या पिकवलेला, अवीट गोडीचा.' एक अख्खी संध्याकाळ घालवून लिहिली होती. तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. घरातल्या सगळ्यांसमोर आंबा चिरला आणि तो आतून पांढरा निघाला. बाहेरून सोन्यासारखा, आत बाठ्याजवळ पांढरट, भुसभुशीत आणि आंबट. आम्ही त्याला साका म्हणतो. त्यांना वाटलं, आम्ही कच्चा आंबा पावडर लावून पिकवला. मी त्यांना सगळं सांगितलं. साका हापूसला जडलेला जुना दोष आहे. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या मोठ्या फळांत तो जास्त सापडतो, काढलेलं फळ उन्हात पडून राहिलं तरी वाढतो. म्हणून आम्ही भर उन्हात आंबा काढत नाही, काढलेला लगेच सावलीत नेतो. एवढं करूनही एखाद्या फळात निघतो आणि बाहेरून तो आम्हालाही ओळखता येत नाही. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ताई, हे चिठ्ठीत का नाही लिहिलंत?"

माझं उत्तर त्या एका वाक्यात आहे.

पुढच्या वर्षीची चिठ्ठी मी साक्यापासूनच सुरू केली. 'या पेटीतला एखादा आंबा आतून पांढरा निघेल. तो फेकून द्या आणि आम्हाला फक्त आकडा कळवा. पुढच्या पेटीत तेवढे आंबे जास्त येतील.' सासऱ्यांना हे पटलं नाही. आपल्याच मालाची खोड आपणच गिऱ्हाइकाला सांगायची? दोन दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण त्या हंगामात फोन आले ते वेगळेच. "दोन निघाले हो, बाकीचे फार सुंदर होते." तक्रार करायला म्हणून कोणी फोन केला नाही. लोक बोलायला लागले आणि बोलता बोलता विचारायला लागले.

ते जे विचारतात ते मी वहीत टिपून ठेवते. फोनशेजारी दोनशे पानी वही असते, तिला पेन दोरीनं बांधलेलं आहे. आंब्यावर काळा ओघळ कसला? तो चिकाचा डाग. देठ मोडला की चीक सालीवर उतरतो आणि साल भाजते, म्हणून झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, काढताना थोडा देठ ठेवावा लागतो. एकाच पेटीतले सगळे एकदम का पिकत नाहीत? पेंढा टाकून द्यायचा का? फ्रीजमध्ये कधी ठेवायचा? (पिकल्यावरच. कच्चा ठेवलात तर तो धड पिकत नाही.) सालीला सुरकुत्या पडल्या, खराब झाला का? हा प्रश्न एका वर्षी इतक्या जणांनी विचारला की पुढची चिठ्ठी सगळी सुरकुत्यांवर होती. सुरकुतला म्हणून फेकू नका, तोच कापून बघा, एवढंच सांगायला मी पाऊण पान घेतलं आणि ते लोकांनी वाचलं. चिठ्ठी छोटी असावी असं मला पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. हातात आंबा धरून जो बुचकळ्यात पडलाय, तो पाऊण पान आनंदानं वाचतो.

दरवर्षी सुचतं कसं, हेही विचारता. मी सुचायची वाट बघत नाही, वही उघडते.

अजून एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. २०२१ च्या चिठ्ठीत खाली जागा उरली होती, म्हणून तळीकडच्या जुन्या कलमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आजेसासऱ्यांनी लावलेलं, थोराड, मोहोर सगळ्यांच्या शेवटी येणारं. त्याच वर्षी १६ मेला तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. सकाळी बागेत पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे आंब्यांचा सडा. तळीकडचं कलम मधोमध चिरलं होतं, अर्धं तळीत पडलं होतं. राहिलेल्या पेट्या जाणार नव्हत्या, ते कळवायला मी एकेकाला फोन लावत होते. पैशांचा विषय मीच काढायची. पण बऱ्याच जणांनी आधी विचारलं, "तळीकडचं कलम राहिलं का हो?" चार ओळींतलं झाड त्यांच्या लक्षात होतं. मला फोनवर बोलवेना.

तेव्हापासून चिठ्ठीत त्या झाडाची खबर असतेच. उरलेल्या खोडाला फुटवे कधी आले, किती धरले, कुठला वाळला. मोहोर उशिरा आला की तेही जानेवारीतच कळवते, कारण पाडव्याला आंबा हवा असं घरोघरी ठरलेलं असतं आणि आशेला लावून ठेवणं बरं नाही. सणावाराच्या शुभेच्छा मात्र मी पाठवत नाही. त्या त्यांना शंभर ठिकाणांहून येतात.

तेव्हा कोकमवाल्या ताईंना माझं सांगणं एवढंच आहे की आगळाच्या बाटलीत तळाशी गाळ का बसतो, ते आधी लिहा. गिऱ्हाईक बाटली उजेडात धरून तेच बघत असतं.

माझी पुढची चिठ्ठी सुरू झालीय. तळीकडच्या कलमाला या वर्षी एकवीस आंबे धरले होते. चौदा वानरांनी नेले. सात आम्ही घरात वाटून खाल्ले, आणि त्यातल्या एकात साका होता.