गप्पीला कोणते पाणी मानवते

आमच्या घरी गप्पी माशांची पहिली टाकी आली, तेव्हा माशांना घरातले सर्वांत शुद्ध पाणी द्यावे, या विचाराने मी ती आरओच्या पाण्याने भरली होती. चार-पाच दिवसांत मासे पर मिटून घेऊ लागले. पुढे न सरकता एकाच जागी थांबून डावी-उजवीकडे नुसते थरथरत राहायचे. मी दुकानातून निळे औषध आणून घातले, परंतु तो रोग नव्हताच. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जवळजवळ उरलेलेच नव्हते आणि गप्पीला नेमके तेच हवे असतात.

हिवताप रोखण्यासाठी डासांच्या अळ्या खायला गप्पी विहिरींत आणि हौदांत सोडतात, त्यामुळे हा मासा कसल्याही पाण्यात राहतो असा आपल्याकडे समज आहे. मूळचा तो व्हेनेझुएला, गयाना, त्रिनिदाद या भागांतला असून ओढ्यापासून समुद्राजवळच्या मचूळ पाण्यापर्यंत सर्वत्र तग धरतो, हे खरेच आहे. मात्र दुकानात मिळणारे लांब शेपटीचे रंगीत गप्पी पिढ्यान्‌पिढ्या निवडीतून तयार झालेले असल्यामुळे तेवढे काटक नसतात. त्यांच्यासाठी पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचे माप, ७ ते ८ आणि या क्षारांचे प्रमाण लिटरमागे साधारण १४० ते २१५ मिलिग्रॅम असावे. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते बोअरचे जड पाणी स्वयंपाकघरात नकोसे असले तरी गप्पीला मानवते. कोल्हापूरच्या काळ्या दगडातून येणारे आमच्या बोअरचे पाणी असेच आहे. नळाचे पाणी त्यामानाने मऊ, म्हणून मी दोन बादल्या नळाच्या पाण्याला एक बादली बोअरचे पाणी मिसळतो.

याच जड पाण्यात एक धोकाही असतो आणि तो मला फार उशिरा कळला. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी भाग पीएच ७ ला अगदी थोडा असतो, पण पीएच ८ ला तो सुमारे दहा पट होतो. म्हणजे गप्पीला आवडणाऱ्या पाण्यातच अमोनिया अधिक घातक ठरतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात आणि ती वस्ती नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात. एकदा मी तो स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरा होईपर्यंत धुतला. तिसऱ्या दिवशी अमोनियाच्या चाचणीच्या नळीतले पाणी पिवळे राहण्याऐवजी हिरवे झाले, म्हणजे अमोनिया वाढला होता, आणि पोटुशी असलेल्या दोन माद्या गेल्या. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने माझ्या हातूनच जिवाणूंची ती वस्ती मारली होती. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळतो, मग तो मळकट दिसला तरी चालतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असलेच पाहिजेत. नायट्रेट लिटरमागे २० ते ४० मिलिग्रॅमपर्यंत असेल, तर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलणे पुरते.

बदलायचे पाणी आदल्या रात्री उघड्या बादलीत भरून ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. पावसाळ्यात मात्र मी दोन्ही करतो. नदीला गढूळ पाणी आले की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन वाढतात आणि तुरटीने पाण्यातली पीएच सावरून धरणारी शक्ती कमी होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये महापुराचे पाणी उपसा केंद्रांत शिरले आणि ऐन पुरात शहराचे नळ कोरडे पडले. त्या दिवसांत मी पाणी बदललेच नाही. खाद्य दिवसाआड, चिमटीपेक्षाही कमी केले. खाद्य कमी तर अमोनियाही कमी, आणि मोठे गप्पी तेवढी उपासमार सहज सोसतात.

तापमान २४ ते २६ अंश उत्तम. इथल्या उन्हाळ्यात टाकी ३० च्या वर गेली की पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे हवेचा पंप रात्रीही चालू ठेवावा लागतो. थंडीत आमच्या उत्तरेकडच्या खोलीत पहाटे काटा २० च्या खाली उतरतो, आणि तेव्हाच पांढऱ्या ठिपक्यांचा रोग डोके वर काढतो. म्हणून दिवाळी झाली की पन्नास लिटरच्या टाकीत ५० वॅटचा हीटर बसवतो आणि बदलायच्या पाण्याच्या बादलीत थोडे कोमट पाणी मिसळून, थर्मामीटरचे दोन्हीकडचे आकडे जुळल्यावरच ते मगाने हळूहळू टाकीत सोडतो.