रिकामा रकाना

सांगली, सोमवार

साथरोगांचा आठवड्याचा अहवाल उघडला की रुग्णांचा आकडा आधी बघायचा नाही. किती आरोग्य केंद्रांकडून अहवाल यायला हवे होते, किती आले, त्यातले वेळेत किती, हे आधी. समजा ६० केंद्रांच्या एखाद्या जिल्ह्यात गेल्या आठवड्यात ५७ केंद्रांनी मिळून अतिसाराचे १९० रुग्ण कळवले आणि या आठवड्यात ३८ केंद्रांनी १४०. वरवर बघणारा म्हणेल, साथ उतरली. पण कळवणाऱ्या केंद्रामागची सरासरी ३.३ होती ती ३.७ झालीय, म्हणजे साथ चढत असण्याचीच शक्यता जास्त. आणि जी २२ केंद्रं गप्प आहेत त्यांच्याबद्दल आपल्या हातात काहीच नाही.

कृष्णाकाठच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१चे महापूर आठवावेत. पाणी शिरतं तिथली वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, रस्ता तुटतो, आशाताईंचं स्वतःचं घर पाण्यात असतं, उपकेंद्रातली रजिस्टरं भिजतात. लेप्टो आणि अतिसाराची भीती सगळ्यात जास्त जिथे, तिथूनच कागद येणं थांबतं. मार्च २०१९मध्ये मोझांबिकच्या बेइरा शहराजवळ इडाई चक्रीवादळ धडकलं आणि दोन आठवड्यांच्या आत तिथे कॉलऱ्याची साथ जाहीर झाली. अशा ठिकाणी मदतीला गेलेल्या माहिती-व्यवस्थापकाने आधी नकाशे काढत बसू नये. आधी केंद्रांची यादी करावी: कोणतं चालू, कोणतं अर्धवट चालू, कोणतं बंद, कुणाचा फोन लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची ‘हेराम्स’ ही पद्धत हेच मोजते. ही यादी नसेल तर ‘अहवाल ८० टक्के आले’ या वाक्याला अर्थ नाही, कारण ८० टक्के कशाचे ते कुणालाच ठाऊक नसतं. मोडलेली, बंद पडलेली केंद्रं यादीतून वेळेवर काढली नाहीत तर टक्का विनाकारण पडतो. नवी केंद्रं यादीत घेतलीच नाहीत तर तो शंभराच्या वर जातो.

मंगळवार, रात्री

‘निरंक’, म्हणजे एकही रुग्ण नाही, असं लिहून पाठवणं आपल्याकडच्या आरोग्य सेविकांच्या अंगवळणी पडलेलं आहे. ही सवय फार मोलाची आहे. पोलिओचं उदाहरण घ्या. १५ वर्षांखालच्या मुलाला अचानक आलेला लुळेपणा शोधायचा आणि आठवड्यात एकही सापडला नाही तरी तसं कळवायचं. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. प्रमाणपत्र मिळालं २७ मार्च २०१४ला. मधल्या काळातली खात्री या निरंक अहवालांवर उभी होती.

पण नुसतं निरंक लिहिलं म्हणून ते खरं मानत नाहीत, आणि हा भाग मला या सगळ्या रचनेत सगळ्यात मोलाचा वाटतो. पोलिओ नसला तरी दुसऱ्या कारणांनी काही मुलांना लुळेपणा येतोच. १५ वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला असा किमान १ रुग्ण सापडायलाच हवा, असं जागतिक मानक आहे. भारताने स्वतःसाठी ते २ ठेवलं. एखाद्या जिल्ह्यात तेवढेही सापडत नसतील तर तिथे पोलिओ नाही असं म्हणता येत नाही, तिथे कुणी शोधत नाही असं म्हणावं लागतं. शून्य खरं की नुसतं लिहिलेलं, हे तपासायची सोय पद्धतीतच ठेवलेली आहे. प्रत्येक आजारासाठी अशी सोय नसते, पण नवी पद्धत उभी करताना तरी हा प्रश्न विचारायला हवा.

आता संगणकाकडे. अनेक देशांच्या आरोग्य मंत्रालयांत आज ‘डीएचआयएस-२’ वापरतात. आरोग्याची माहिती गोळा करणारी, ऑस्लो विद्यापीठाच्या पुढाकारातून वाढलेली ही मुक्त संगणक प्रणाली. वेबवर चालणारी तिची ही आवृत्ती २००६मध्ये आधी केरळात वापरली गेली. तिच्यात एक बारीक गोष्ट आहे. एखाद्या रकान्यासाठी ‘शून्य साठवा’ ही खूण मुद्दाम चालू केली नसेल तर भरलेलं शून्य साठवलंच जात नाही. नर्सबाई इमानाने ० टाकतात आणि वर बसलेल्याला तो रकाना रिकामा दिसतो. मग तिथून फोन जातो, ‘तुम्ही माहिती भरत नाही.’ दोनदा असा फोन आला की पुढच्या वेळी त्या शून्य टाकायचंच सोडून देतात. सगळ्याच रकान्यांना ही खूण लावली तर डेटाबेस उगाच फुगतो. म्हणून मातामृत्यू, गोवर, लुळेपणा, कॉलरा, लसींचा साठा अशा ठिकाणी लावावी, जिथे शून्य हीच बातमी असते.

दुसरी गल्लत ‘पूर्ण’ या बटणाची. अहवाल पूर्ण झाल्याची नोंद या बटणावरून होते, भरलेल्या आकड्यांवरून नाही. सगळे रकाने कोरे ठेवून बटण दाबलं तरी अहवाल आल्यात जमा. सगळं भरून बटण राहिलं तर अहवाल आलाच नाही. म्हणून पूर्णतेचा टक्का बघताना सोबत एक साधा तक्ता काढावा, महत्त्वाच्या पाच-सहा रकान्यांत प्रत्यक्ष आकडा किती केंद्रांनी भरलाय याचा.

नकाशात माहिती न आलेला तालुका कधीही फिक्या पिवळ्या किंवा हिरव्या रंगात दाखवू नये. बघणारा त्याला ‘कमी रुग्ण’ असं वाचतो. राखाडी रंग, त्यावर तिरक्या रेघा, आणि सूचीत स्पष्ट शब्द: ‘अहवाल नाही’.

गुरुवार

भाजक, म्हणजे टक्का काढताना ज्याने भागतात ती लोकसंख्या. लसीकरण १२३ टक्के झालं की वर्तमानपत्रात हसं होतं, पण कारण समजून घेतलं तर हसण्यासारखं काही नसतं. सपाट भागातल्या उपकेंद्राची लोकसंख्या ५,००० धरतात, डोंगराळ भागात ३,०००. जन्मदर हजारी १५ मानला तर ५,००० लोकांत वर्षाला ७५ बाळं, महिन्याला सहा-सव्वासहा. ऊसतोडीच्या हंगामात वाळवा, पलूस किंवा कराडकडे बीडहून टोळ्या येतात, कोप्या पडतात. त्यांतल्या तीन बाळांना आपल्या सेविकेने लस दिली की त्या महिन्याचा टक्का दीडशेच्या आसपास पोचतो. तिने अगदी योग्य काम केलेलं असतं. बाळ अंशात (लस दिलेल्यांत) सांगलीत मोजलं गेलं आणि भाजकात बीडमध्येच राहिलं, इतकंच. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत हेच करते: जन्माची नोंद एका तालुक्यात, पुढचे डोस दुसऱ्या.

सोमालियातल्या गुरं राखणाऱ्या भटक्या कुटुंबांची किंवा सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांची मोजदाद करताना हाच पेच मोठा होऊन समोर येतो. काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ची. अफगाणिस्तानात १९७९मध्ये सुरू झालेली अर्धवटच राहिली. तिथे उपग्रहचित्रांवरून काढलेले अंदाज वापरतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातला ‘वर्ल्डपॉप’ गट १०० मीटरच्या चौकटींत लोकसंख्या मांडतो. उपयुक्त आहे, पण एका गावाच्या पातळीवर त्यावर विसंबू नये. घरोघरची यादी मिळाली तर तीच धरावी.

भाजकावर विश्वास नसेल तर अंशाची अंशाशी तुलना करावी. पेंटा या पाच आजारांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस आणि तिसरा डोस यांतला फरक भागिले पहिला डोस, ही गळती. तिला लोकसंख्या लागत नाही. वर्षभराच्या बेरजेत तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त निघाला तर कुठेतरी नोंद चुकतेय किंवा बाहेरची मुलं आलीत. दोन्हींपैकी काय, ते रजिस्टर उघडल्याशिवाय कळत नाही. रजिस्टर उघडून पुन्हा मोजायचं आणि त्याला कळवलेल्या आकड्याने भागायचं. उत्तर ०.९ ते १.१च्या आत आलं तर ठीक. बाहेर गेलं तर ओरडायचं नाही, टॅलीच्या रेघा बघायच्या. बहुतेकदा पाचचा गठ्ठा मोजताना घोळ झालेला असतो किंवा महिन्याची शेवटची दोन लसीकरण सत्रं पुढच्या महिन्यात गेलेली असतात.

शुक्रवार

साथीतल्या रुग्णांच्या यादीबद्दल थोडं. एक ओळ, एक रुग्ण. दोन रकाने जोडायचे नाहीत, रंगाने माहिती द्यायची नाही (रंग गाळणीत, म्हणजे फिल्टर लावताना, हरवतो), मूळ फाइलला हात लावायचा नाही.

तारखा सगळ्यात जास्त त्रास देतात. ०५/०३ म्हणजे आपल्याकडे ५ मार्च, अमेरिकन मांडणीच्या संगणकात ३ मे. वर्षात १३२ तारखा अशा आहेत ज्या उलटल्या तरी वैध राहतात आणि कुणाच्या लक्षात येत नाहीत. १२च्या पुढचे दिवस उलटत नाहीत, ते मजकूर होऊन रकान्याच्या डाव्या कडेला चिकटतात. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर उजवीकडच्याही चुकल्यात असं समजावं. उपाय एकच: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, नाहीतर तीन वेगळे रकाने. नेपाळची आरोग्य माहिती विक्रम संवताच्या महिन्यांनी गोळा होते आणि त्या महिन्यांत २९ ते ३२ दिवस असतात. इथिओपियाच्या पंचांगात तेरावा महिना पाच-सहा दिवसांचा. अशा ठिकाणी आपलं कॅलेंडर लादायचं नाही. रूपांतर आपण करायचं, त्यांनी नाही.

वयाचा रकाना वर्षं आणि महिने असा वेगळा नसेल तर नऊ महिन्यांचं बाळ नऊ वर्षांचं होतं. गोवरात याचा परिणाम गंभीर: मोठी मुलं आजारी पडतायत असं दिसतं आणि लसीकरण मोहिमेचा वयोगटच चुकीचा ठरतो.

आणि फाइलची मर्यादा. २०२०च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, कारण मधल्या टप्प्यावर एक्सेलचा जुना फाइल-प्रकार होता आणि त्यात ६५,५३६च्या पुढे ओळी मावत नाहीत. चूक दाखवणारा संदेश आला नाही. फाइल नीट उघडत होती. म्हणून पाठवणाऱ्याने ओळींची संख्या पत्रात लिहावी, घेणाऱ्याने उघडल्यावर ती जुळवावी. एवढं तरी प्रत्येकाने करावंच.

गावांची नावंही अशीच. ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ गाळलं की दोन गावांचं एक होतं. शिवाय जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटातली यादी दुसऱ्या संगणकावर गेली की नुसती चिन्हं उरतात. म्यानमारमध्ये झॉजी फाँटामुळे हीच अडचण होती. तिथे ऑक्टोबर २०१९मध्ये देशाने युनिकोडकडे मोहरा वळवला. नावावर जुळवणी करू नये, गावाच्या सरकारी संकेतांकावर करावी.

शनिवार

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे आकडे आधी ठरलेले असतात, म्हणून पाणी चढल्यावर वाद होत नाही. साथीचंही तसंच हवं. आफ्रिकेच्या मेंदुज्वर पट्ट्यात ३०,००० किंवा त्याहून अधिक वस्तीच्या जिल्ह्याला आठवड्यात लाखामागे ३ रुग्ण हा इशारा आणि १० ही साथ. त्याहून लहान वस्तीला लाखामागचं प्रमाण न लावता थेट २ आणि ५ रुग्ण. लहान वस्तीला वेगळा नियम का, ते गुरुवारच्या सहा बाळांच्या हिशेबावरून कळावं. मात्र पातळीपुढे नाव लिहिलेलं नसेल, म्हणजे ओलांडल्यावर फोन कुणी कुणाला करायचा आणि नमुने कुणी घ्यायचे हे ठरलेलं नसेल, तर ती पातळी भिंतीवरच राहते.

रविवार

परदेशी मदतीत सगळ्यात सहज होणारी गोष्ट म्हणजे आणखी एक रकाना वाढवणं. ३०० केंद्रं, १२ महिने: एका रकान्यामागे वर्षाला ३,६०० आकडे. त्याला चार वयोगट आणि स्त्री-पुरुष असं फोडलं की २८,८००. ते सगळे कुणीतरी रुग्ण तपासून झाल्यावर, संध्याकाळी, हाताने मोजून भरतं. प्रत्येक देणगीदार संस्थेला आपला एक आकडा हवा असतो आणि नाही म्हणण्याचं बळ मंत्रालयातल्या छोट्या कक्षाकडे नसतं. ते बळ त्यांना देणं हीच मदत, असं माझं ठाम मत आहे. नवा रकाना मागणाऱ्याला विचारावं: हा आकडा बदलला तर तुम्ही काय वेगळं कराल? उत्तर नसेल तर रकाना नाही.

परदेशातल्या या कामात यायचं म्हणणाऱ्या इथल्या मुलामुलींना मी आधी फ्रेंच शिकायला सांगेन, मग डॅशबोर्ड. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या कितीतरी जिल्हा कार्यालयांत फ्रेंचशिवाय रजिस्टर वाचताच येत नाही. आणि माहिती त्या देशाची आहे हे विसरायचं नाही. मंत्रालयाच्या संमतीवाचून तक्ता बाहेर जाता कामा नये. छोट्या गावातल्या तीन एचआयव्ही रुग्णांचा आकडा म्हणजे तिथल्यांना नावंच कळवण्यासारखं, तेव्हा पाचपेक्षा कमी असेल तर तसंच, ‘५पेक्षा कमी’ लिहावं.

काम संपवून तिथून निघण्याआधी तपासायच्या गोष्टी कमी आहेत, पण टाळल्या जातात. सर्व्हरचं भाडं पुढच्या आर्थिक वर्षात कोणत्या खात्यातून जाणार. प्रशासकाचा पासवर्ड बाहेरच्या सल्लागाराशिवाय आणखी कोणत्या दोघांकडे आहे. नवं केंद्र प्रणालीतल्या जिल्हा-तालुका-केंद्र उतरंडीत जोडणं, बंद पडलेलं काढणं, नवा रकाना तयार करणं ही तिन्ही कामं तिथल्या माणसाने आपल्यासमोर, आपण माऊसला हात न लावता करून दाखवली का. आणि बॅकअप: रोज रात्री घेतला जातो असं सगळेच सांगतात. तो दुसऱ्या संगणकावर उभा करून, मागच्या महिन्याचा एका जिल्ह्याचा अहवाल काढून, छापील प्रतीशी आकडे जुळवून बघायला अर्धा दिवस लागतो. तो अर्धा दिवस प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात पहिल्याच आठवड्यात घालावा, शेवटच्या नाही, कारण बॅकअप उभा राहिला नाही तर दुरुस्त करायला वेळ उरलेला असतो.