हिरव्यापुरता आरसा

गेल्या रविवारी सुभेदार काका दुकानात आले. कणकुंबीचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. हातात जुनी दुर्बीण, आत बुरशीची जाळी. "काय करूलालास रे? हे बघ, पावसानं खाल्लं." दर जुलैत खानापूरकडच्या अशा दोन-तीन तरी माझ्या टेबलावर येतातच.

भिंगं सोडवता सोडवता विषय नाइट व्हिजन गॉगलवर गेला. काका म्हणाले, तो चढवला की बाकीचं जग बंद. पायाखालचा दगड नाही, हातातला नकाशा नाही, मान फिरवून फिरवून बघायचं. खरंच आहे; नेहमीच्या गॉगलमधून साधारण ४० अंशांतलंच दिसतं, आणि अंधुक उजेड वाढवून हिरवं चित्र दाखवणारी नळी डोळ्यासमोर आडवी.

ती नळी बाजूला सारून डोळ्यासमोर नुसती काच ठेवायची आणि चित्र काचेवरून डोळ्यात परतवायचं, असाही प्रकार असतो. पण अर्धपारदर्शक आरसा लावला तर चित्राचा निम्मा उजेड वाया, बाहेरचाही निम्माच आत. रात्री ही उधळपट्टी परवडत नाही. इथं होलोग्राम लागतो, म्हणजे लेझरनं उमटवलेला, ठरावीक रंगच परतवणारा थर. हिरव्या नळीचा पडदा बराचसा उजेड ५४५ नॅनोमीटरच्या आसपास, चिंचोळ्या पट्ट्यात देतो. डायक्रोमेट (जिलेटिनवर उजेडाचा ठसा उमटू देणारं रसायन) घातलेल्या जिलेटिनच्या पातळ थरात दोन लेझर झोत एकमेकांत मिसळून बारीक पदर उमटवतात. पदरांतलं अंतर असं साधायचं की तेवढाच हिरवा परत फिरावा, बाकी सगळे रंग पार. हिरवा वजा झाल्यानं पलीकडचं जग किंचित गुलाबी दिसतं. भिंगाचा बाकही त्याच थरात उमटवता येतो! तीस वर्षं काचा घासतोय मी, सपाट काचेनं बाकदार आरशाचं काम करावं हे अजून पचत नाही. (आता पांढऱ्या चित्राच्या नळ्याही आल्यात. त्यांचा उजेड अनेक रंगांचा, तिथं ही एका रंगाची युक्ती तोकडी पडते.)

"जिलेटिन? जेलीत घालतात ते?"

"तेच."

"मग आमच्या कणकुंबीत कसं टिकायचं रे ते?"

नेमकं दुखणं धरलं काकांनी. ओल शिरली की जिलेटिन फुगतं, पदर लांबतात, परत फिरणारा रंग तांबड्याकडे सरकतो आणि हिरवं चित्र सरळ काचेपार निघून जातं. म्हणून तो थर दोन काचांमध्ये चिकटवून कडा पक्क्या बंद करतात.

"मग हिच्याही कर की तशा," म्हणत काकांनी दुर्बीण पुढं सरकवली. मी बुरशी पुसली, नवी रबर रिंग बसवली. पैसे घेतले नाहीत. पुढच्या जुलैत ती परत येणार हे दोघांनाही ठाऊक होतं.