वाक्याचा शेवट ऐकू येऊ द्या

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकारही बहुधा तिथेच असतो. 'समितीने हा प्रस्ताव मान्य केलेला' इथवर ऐकणाऱ्याला निर्णय कळलेलाच नसतो; पुढे 'आहे' येतंय की 'नाही', यावर सगळं अवलंबून. नेमका तिथेच अनेक वक्त्यांचा श्वास संपतो आणि आवाज बसतो. चांगलं बोलायचं असेल तर आधी हा दोष घालवावा. सुभाषितं आणि शेरोशायरी नंतर.

दोषाचं मूळ बहुधा कागदावर असतं. 'करण्यात येऊन', 'असल्यामुळे' अशी जोडाजोड करत लिहिलेली तीस-पस्तीस शब्दांची वाक्यं डोळ्यांना झेपतात, छातीला नाही. मसुदा मोठ्याने वाचा. एका श्वासात आरामात न संपणारं वाक्य तोडा. बारा-पंधरा शब्द पुरे. मग पेन्सिलने श्वासाच्या जागी तिरकी रेघ मारा. 'पण', 'कारण', 'म्हणून' यांच्या आधी ती चालते. 'शेतकऱ्यांच्या' आणि 'प्रश्नांवर' यांच्यामध्ये मारली तर अर्थच तुटतो. शेवटच्या क्रियापदाखाली आडवी रेघ ओढा. तिथे ओरडायचं नाही, फक्त आवाज खाली सोडायचा नाही.

आकडे अक्षरी लिहून ठेवा. पुण्याची वसंत व्याख्यानमाला 1875 साली सुरू झाली, हे सांगताना 'पंच्याहत्तर' घाईत उच्चारलं तर मागच्या रांगेत 'पंच्याण्णव'ही ऐकू जाऊ शकतं. साल महत्त्वाचं असेल तर दोनदा सांगावं, त्यात कमीपणा नाही.

च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार देवनागरी दाखवत नाही. 'सारं जग' मधला ज आणि 'तू सुखाने जग' मधला ज वेगळे. 'चमचा'मधला दुसरा च 'चमचे' म्हणताना बदलतो. परदेशात वाढलेल्या मुलांकडून निवेदन करून घेताना अशा अक्षरांखाली टिंब द्या, फार मदत होते.

माइक तोंडापासून साधारण वीतभर, हनुवटीच्या पातळीवर आणि किंचित बाजूला हवा. अगदी समोर असेल तर 'प', 'फ', 'भ'च्या हवेचे धपके बसतात. वाचताना नजर पुढच्या ओळीवर गेली की मानही खाली जाते, तोंड माइकपासून फिरतं आणि पुन्हा क्रियापदच गिळलं जातं. म्हणून ठळक, मोठ्या टायपात छापा, पानाचा खालचा तिसरा भाग कोरा ठेवा आणि कुठलंही वाक्य पान उलटताना अर्धवट राहू देऊ नका.