मराठी सर्च रिकामा का येतो? साफसफाईचा क्रम बघा

डेटाबेसमध्ये 'ॲप' आहे, यूजरने 'अॅप' टाइप केलं आणि निकाल शून्य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे संशय आधी इंडेक्सवर जातो. इंडेक्स ठणठणीत असतो. पहिल्या शब्दात ॲ हा एकच कोडपॉइंट (युनिकोड या अक्षर-मानकाने चिन्हाला दिलेला क्रमांक) आहे (0972), दुसऱ्यात अ आणि ॅ असे दोन (0905, 0945). ॲ युनिकोडमध्ये आला 2008 साली, 5.1 आवृत्तीत. त्याआधीच्या मजकुरात अ ला ॅ जोडून काम भागवलेलं असतं. कुठे या दोघांच्या मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झीरो-विड्थ जॉइनर हे जोडचिन्ह, 200डी) असतो, तर कुठे ऍ (090डी). झाली चार रूपं.

'एनएफसी लावा' (समतुल्य रूपांचं एकच रूप करणारी युनिकोडची पद्धत) हा सल्ला हमखास मिळतो. लावाच, पण त्याने ही चार रूपं एक होत नाहीत, कारण युनिकोडने त्यांना समतुल्य मानलेलंच नाही. हे मॅपिंग आपल्यालाच लिहावं लागतं.

खरी गोची 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'ची. 'दऱ्या' लिहायच्या दोन पद्धती सर्रास सापडतात: ऱ (0931) अधिक हलन्त, किंवा साधा र (0930) अधिक हलन्त अधिक झेडडब्ल्यूजे. इथेही एनएफसी हात वर करतं. त्यात बऱ्याच कोडबेसमध्ये 'न दिसणारी अक्षरं काढून टाका' असं एक उत्साही फंक्शन असतं. ते दुसऱ्या पद्धतीच्या 'दर्‍या'तला झेडडब्ल्यूजे उडवतं आणि उरतो 'दर्या', म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात. 'आचार्‍यांना' पाठवायचं पत्र 'आचार्यांना' जातं. एरर कुठेच येत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी एनएफसी, त्यात र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असेल तर त्याचा ऱ होतो. मग अ अधिक ॅ (मध्ये झेडडब्ल्यूजे असो वा नसो) आणि ऍ, दोन्हींचा ॲ करा. तसंच आ अधिक ॅ चा ऑ आणि ा अधिक ॅ चा ॉ. मग र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या तिकडीचा ऱ अधिक हलन्त. हे सगळं झाल्यावरच 200सी (न दिसणारं, जोड रोखणारं चिन्ह) आणि 200डी काढा. हा निकाल सर्चसाठी वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, मूळ मजकुराला हात लावू नका. क्वेरीलाही हेच फंक्शन लागलं पाहिजे, आणि जुन्या रो एकदा त्यातून काढायला विसरू नका. युनिट टेस्टमध्ये 'दऱ्या'ची दोन्ही रूपं एक झाली पाहिजेत आणि 'दर्या' वेगळा राहिला पाहिजे; एवढी एक टेस्ट बरंच काही पकडते.

स्लग (लिंकमधलं शीर्षकाचं रूप) बनवणाऱ्या लायब्रऱ्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एनएफडी करून (जोडरूपं सुटी करून) एमएन कॅटेगरीची (स्वतंत्र जागा न घेणारी) चिन्हं उडवायची, ही फ्रेंच-जर्मनसाठीची युक्ती. मराठीत उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त सगळे एमएनमध्येच येतात, त्यामुळे 'मुलगे'चं 'मलग' होतं. पायथनच्या आरई (रेजेक्स, म्हणजे मजकुरातले पॅटर्न शोधणाऱ्या) मॉड्यूलमध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू (शब्दातलं अक्षर) त्याच शब्दाचे 'म' आणि 'लग' असे तुकडे करतो. जावास्क्रिप्टमध्ये तो मराठी अक्षर ओळखतच नाही. रेजेक्समध्ये एल (अक्षरं) आणि एम (मात्रांसारखी चिन्हं) या दोन्ही युनिकोड प्रॉपर्टी घ्या. आकड्यांचं उलटं: पायथनचा बॅकस्लॅश डी (आकडा) '९८' पास करतो, जावास्क्रिप्टचा करत नाही. मोबाइल नंबर सेव्ह करण्याआधी आकडे 0-9 मध्ये बदलून घ्या.

लांबीचं गणित थोडक्यात. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-8 मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची पद्धत) 3 बाइट घेतो. 'क्षि' दिसतं एक अक्षर, पण त्यात 4 कोडपॉइंट आहेत, म्हणजे 12 बाइट. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये व्हारचारची (मजकुराच्या कॉलमची) लांबी कॅरेक्टरमध्ये मोजतात, ओरॅकलमध्ये डीफॉल्ट बाइटमध्ये. तिथे 100 च्या कॉलममध्ये जेमतेम 33 कोडपॉइंट मावतात. एसएमएस मराठीत 70 कॅरेक्टरचा, लांबला की प्रत्येक तुकडा 67 चा, आणि तिथेही 'क्षि'चे 4 धरले जातात.

मजकूर कापताना साध्या स्लाइसने शेवटी लोंबकळता 'क्' उरतो. ग्राफीम क्लस्टरवर (वाचकाला एक दिसणाऱ्या अक्षरावर) कापा. फक्त युनिकोड 15.1 च्या आधीच्या नियमांत 'क्षि' हे दोन क्लस्टर होते, 15.1 पासून एक. सर्व्हर आणि ब्राउझरमधल्या आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) आवृत्त्या वेगळ्या असतील तर अक्षरमर्यादेचे आकडे जुळणार नाहीत. मोजणी एकाच बाजूला करा.