हरळीला पाणी पाजण्याची नोकरी

आमच्या दोडामार्गातल्या घरी हरळी म्हणजे वैरी. बाबा कुदळीने खणून तिची मुळं वेचायचे, बांधावर उन्हात टाकायचे आणि पहिल्या पावसात ती तिथेच रुजायची. मी मात्र दक्षिण गोव्यातल्या एका गोल्फ कोर्सवर तिच्याच बारीक पात्याच्या संकरित बहिणीला पगार घेऊन जपतो. ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीवर, ती जेमतेम चार मिलिमीटर ठेवायची.

त्या दिवशी शिगमो. निम्मे माळी सुट्टीवर, दोन दिवसांवर मॅच. सहाला बांबूने दव झाडत सातव्या ग्रीनवर आलो तर ताटाएवढे तीन डाग. पिवळे नाहीत, निळसर राखाडी. मोबाइलवर फोटो बघून साहेब म्हणाले, "बुरशी आहे, औषध मारून टाक." त्यांचंही चुकत नव्हतं, थंडी सरताना दव आणि ऊब एकत्र आले की बुरशी येतेच. पण ती पहाटे दवात कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. इथे जाळं नव्हतं. शिवाय माझ्या पावलाचा ठसा उमटला तो तसाच राहिला. गवत उठेना. तहानलेलं गवत असं करतं.

तहान कशी असेल? रोज संध्याकाळी स्प्रिंकलर चालतो. ग्रीनवर भोक पाडायचा होल कटर आणला, डागातून गवतासकट मातीची एक कांडी उपसली. वरचं बोटभर ओलं, खालची वाळू पिठासारखी कोरडी. कांडी आडवी ठेवून त्या वाळूवर पाण्याचा थेंब सोडला. अळवाच्या पानावर राहतो तसा गोल राहिला. मिनिट झालं तरी जिरेना.

कुजणाऱ्या मुळांचा मेणचट थर वाळूच्या कणांवर चढतो आणि एकदा वाळू सुकली की ती पाण्याला आत घेत नाही. ती सुकू दिली मीच. ग्रीनखाली फूटभर वाळू असते आणि मी थंडीतलंच वेळापत्रक मार्चपर्यंत ओढलं होतं: रोज थोडं, वरवरचं.

मग दिवसभर मी आणि एक पोरगा. काट्याने भोकं पाडायची, वेटिंग एजंट, म्हणजे वाळूत पाणी मुरवणारं द्रव, ओतायचा, पाइप अगदी हळू धरायचा, थांबायचं, पुन्हा धरायचा. भसाभसा सोडलं तर पाणी उतारावरून पळतं, आणि आमची विहीर समुद्राजवळची. मार्चमध्ये जास्त उपसली की खारट होते. रस्त्यावरून ढोल-ताशे जात होते. पोराचं सगळं लक्ष तिकडे. त्याला चारला सोडला.

सहाला पुन्हा कांडी काढली. थेंब टेकला आणि गडप. मॅचच्या दिवशी डाग होतेच, पण मेलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात हिरवे धागे दिसले.

रात्री बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे ती मरत होती? आणि तू वाचवलीस?"